बुधवारच्या मालिकेपुढची फुलं

आमच्या वृद्धाश्रमात दर बुधवारी दुपारच्या कॉफीला टीव्हीवर एक विनोदी मालिका लागते. दूरच्या कुठल्याशा बेटावर राहणाऱ्या तीन कॅथलिक धर्मगुरूंची. ती लागायच्या आधी टीव्हीपुढे ट्यूलिपची फुलं ठेवली जातात, मी पायातले बूट काढते, आणि मालिका संपली की सगळ्यांना उजव्या हातानं बिस्कीट वाटते. नवीन माणसाला वाटतं, ही डच लोकांची जुनी रीत असावी. नाही हो. ही रीत माझ्यामुळे पडली, आणि ती पडली तेव्हा माझी नोकरी राहते की जाते, अशी वेळ होती.

मी नववीतून शाळा सोडलेली. आम्ही कऱ्हाडला भाड्याच्या घरात राहायचो. आई आजारी पडली, धाकट्या भावंडांचं कोण करणार, म्हणून चार दिवस घरी राहिले ती राहिलेच. वरच्या मजल्यावरच्या घरमालकांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर झाला, आणि काय त्याच्या डोक्यात आलं देव जाणे, लग्न करीन तर खालच्या मुलीशीच म्हणून अडून बसला. पुढे त्याला इथं नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि त्याच्या पाठोपाठ मी लायडस्खेनडामला आले. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी बाई म्हणाली, “मग तुमचं शिक्षण काय झालंय?” की मी मोदकांचं ताट उचलून स्वयंपाकघरात जायची. त्या वर्षी कितीतरी जणांना मोदक मिळाले नाहीत, ते माझ्या शिक्षणामुळे.

वृद्धाश्रमातलं काम शेजारच्या डच आजींनी मिळवून दिलं. तिथं त्यांची बहीण राहते. कॉफी द्यायची, जेवणाची टेबलं लावायची, कुणाचा चष्मा शोधायचा, कुणाशी चार शब्द बोलायचे. माझं डच तेव्हा जेमतेम चार शब्दांचंच होतं, त्यामुळे तो भाग लवकर उरकायचा.

आमची टीम लीडर माझ्याहून लहान, उंच, सायकलवरून उतरताना अर्धं वाक्य बोलून झालेलं असायचं. तिनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, “एक महिना बघू. मग मी इथल्या लोकांना विचारीन. त्यांना तू आवडलीस तर राहशील. नाही आवडलीस तर नाही.” आणि छातीवर कागदी बिल्ला चिकटवला. कायम झालेल्यांना प्लास्टिकचा, पिनेचा मिळतो.

माझ्या नावाचा बिल्ला मी जन्मात पहिल्यांदा लावला. संध्याकाळी घरी नेऊन देवापुढे ठेवला. नवरा म्हणाला, “अगं, त्याचा गोंद जाईल.” मी म्हटलं, जाऊ दे, आशीर्वाद चिकटेल. पण आतून धाकधूक होती. घरी बसून खिडकीतून ट्राम बघायचे दिवस मी पुरते भोगले होते. हे काम गेलं असतं तर परत तीच खिडकी.

तर पहिला बुधवार. कॉफीची गाडी ढकलत मी हॉलमध्ये गेले. सगळे टीव्हीपुढे अर्धवर्तुळ करून बसलेले. मध्यभागी आमचे पाटर, म्हणजे फादर. तेही निवृत्त धर्मगुरूच, लोकरीच्या चपला घालून, गुडघ्यावर शाल घेऊन बसलेले. त्यांच्या शेजारी आमच्या हेडबाई. या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या मते अजून आहेत. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. निम्म्यांना ऐकू येत नाही, उरलेल्यांच्या कानातली यंत्रं शिट्ट्या मारतात. पडद्यावर खाली डच अक्षरं पळतात, तेवढी त्यांना पुरतात. मला मात्र एक शब्द वाचून होईतो पुढची ओळ यायची.

पडद्यावर काळे झगे, गळ्यात क्रूस, लहानसं चर्च, मेणबत्त्या, चहूकडे समुद्र. इकडे खुर्चीत खरोखरचे फादर. मला काय समजायचं ते समजलं. लहानपणी रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची, तेव्हा आई टीव्हीला हळदकुंकू लावायची, उदबत्ती ओवाळायची, आणि मालिका संपेपर्यंत वडिलांनासुद्धा चहा मिळायचा नाही. म्हणजे यांचाही देवाचा कार्यक्रम! आणि मी बूट घालून, कपबशा वाजवत मधोमध उभी.

पटकन बूट काढून दाराशी ठेवले. गळ्यातला स्कार्फ डोक्यावर घेतला. उदबत्ती नव्हती, आणि असती तरी इथं धुराचा वास लागला की छतातली घंटा कोकलते. म्हणून जेवणाच्या टेबलावरची ट्यूलिप उचलून टीव्हीपुढे ठेवली आणि हात जोडून भिंतीशी उभी राहिले.

“कॉफी?” हेडबाई म्हणाल्या.

मी ओठांवर बोट ठेवलं. “श्श!”

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. हेडबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. मला बरं वाटलं, लोक श्रद्धाळू आहेत.

पण थोड्या वेळानं ते हसायला लागले. कधी टीव्हीकडे बघून, कधी माझ्याकडे. मी मनात म्हटलं, वयामुळे असेल, बिचाऱ्यांना कळत नाही कुठं हसावं. पाटरांचे तर खांदे हलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांची भक्ती बघून मलाही भरून आलं. कागदी रुमाल नेऊन त्यांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. मग ते आणखीच हलायला लागले.

मालिका संपली. एवढी पूजा झाली, आता प्रसाद नको? मी बिस्किटांचा डबा उघडला आणि डावा हात कोपराला लावून उजव्या हातानं एकेकाला द्यायला लागले. इथं कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डब्याचं झाकण लगेच बंद करतात. मी ज्यांनी मान हलवली त्यांना दोन दिली. पाटरांपुढे आले तर त्यांनी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून दोन्ही हात पुढे केले, डोळे मिटले. हुबेहूब आपल्यासारखे! मी मनात म्हटलं, यांना प्रसाद कसा घ्यायचा ते बरोबर माहीत आहे. त्यांच्या चर्चमध्येही फादरच्या हातून तसंच काहीतरी घेतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. या वेळी देणारी मी होते आणि घेणारे फादर, म्हणून त्यांना मजा वाटत होती, हे तर त्याहून नंतर.

संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. “अहो, इथंही धार्मिक मालिका असतात. किती भावानं बघतात लोक!”

“काय दाखवलं?”

“तीन महाराज आहेत. एक जाडे, ते समुद्राला घाबरतात. एक लुकडे, ते चर्चच्या बाकांची होडी बनवतात. तिसऱ्यांनी कोंबड्या पाळल्यात. वादळ आलं म्हणून कोंबड्या देवाच्या वेदीखाली ठेवल्या, आणि जाडे महाराज घंटेच्या दोरीला लटकून वर गेले.”

“वर कुठं?”

“वर म्हणजे... छतापर्यंत. चमत्कारच की.”

नवऱ्यानं घास खाली ठेवला. मग फोनवर शोधून माझ्यापुढे धरला आणि टेबलावर डोकं टेकून हसत राहिला. “अगं बाई, कॉमेडी आहे ती! तू म्हाताऱ्यांना विनोदी मालिकेची पूजा घालायला लावलीस? आणि वर त्यांना गप्प बसवलंस?”

हेडबाईंना मी श्श केलं होतं. कॉफी रोखून धरली होती. महिन्याच्या शेवटी याच लोकांना विचारणार होते ना! “आता ते काय सांगतील माझ्याबद्दल?” मी म्हटलं.

“सांगतील की बाई देवभोळ्या आहेत. आमटी वाढ.”

पुढच्या बुधवारी मी ठरवूनच गेले. बूट घट्ट बांधले, फुलांना हात लावला नाही, कॉफी वेळेवर ओतली. तर कुणी कपाला हात लावेना.

“फुलं कुठं आहेत?” एक आजोबा म्हणाले.

“आणि तू बूट का घातलेस?” हेडबाईंनी वर्गातल्या मुलीला विचारावं तसं विचारलं. “आज आम्ही पवित्र नाही का?”

सगळे खो खो हसले. मी फुलं ठेवली, बूट काढले, कानापर्यंत लाल झाले. कार्यक्रम संपल्यावर पाटरांच्या खुर्चीपाशी बसून जमेल तशा डचमध्ये म्हटलं, “माफ करा. मला वाटलं देवाचं आहे. तुमच्या लोकांची अशी थट्टा करतात, तुम्हाला राग नाही येत?”

पाटर सावकाश बोलतात, म्हणून मला त्यांचंच डच सगळ्यात आधी कळायला लागलं. ते म्हणाले, “यांनी कमीच दाखवलंय. मी खरोखरच अशा बेटावर होतो. आम्ही तिघं धर्मगुरू, वारा, आणि मेंढ्या. तिघांत मिळून चांगल्या बुटांचा एकच जोड.”

“एकच?”

“बाकीचे खाऱ्या पाण्यानं कुजले. बिशप, म्हणजे आमचे वरिष्ठ, बोटीनं तपासणीला यायचे. त्यांच्यापुढे फाटक्या बुटांत कसं जाणार? म्हणून ज्याच्या पायात जोड तो त्यांना भेटायचा आणि उरलेले दोघं आजारी म्हणून पांघरूण घेऊन पडायचे. बिशप दर वेळी येत, दर वेळी दोघं आजारी. शेवटी त्यांना वाटलं, बेटाची हवा वाईट आहे. त्यांनी पेटीभर औषधं पाठवली.”

“आणि बूट?”

“बूट नाही पाठवले.” पाटरांनी माझ्या मोज्यांकडे बघितलं. “तू पहिल्या दिवशी बूट काढलेस ना, तेव्हा मला वाटलं, बिशप आलेत आणि हिनं जोड दुसऱ्यासाठी काढून ठेवलाय.”

महिना भरत आला तशी माझी झोप उडाली. शेवटच्या बुधवारी मी जास्तीची फुलं मागून घेतली. नवरा दारात म्हणाला, “नारळ पण फोडतेस का?” मी रागानं बघितलं. खरं तर मनात आलं होतं.

मालिका सुरू असतानाच टीम लीडर आत आली आणि पायांतल्या मोज्यांसकट मला सगळ्यांपुढे उभं केलं. “तर, हिचा महिना झाला. ठेवायचं का? काही तक्रार?”

हेडबाईंनी हात वर केला. “आहे. ही मला गप्प बसवते.” मी खाली बघितलं. फरशीवर उभ्याउभ्या पाय गार पडले. “आयुष्यभरात मला कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं,” त्या पुढे म्हणाल्या, “एकदा जमलं म्हणजे बाईत दम आहे.”

“माझीही तक्रार आहे,” पाटर म्हणाले. “ही माझी मालिका बघताना हसत नाही.”

झालं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. टीम लीडर भुवया उंचावून थांबलेली. आता सांगा, नोकरी पणाला लागलेली असताना माणूस हसतं का? मी दात दाखवले. कुणाचंच समाधान झालं नाही. पाटरांनी टीव्हीकडे बोट दाखवलं, “बघ तरी.”

मी बघितलं. लांब समुद्रात बोट दिसत होती आणि किनाऱ्यावर तिन्ही महाराजांची पळापळ. बिशप येणार होते! एकानं कोंबड्या कपाटात कोंबल्या, दुसऱ्यानं वाळत घातलेल्या चड्ड्या वेदीच्या चादरीखाली सरकवल्या, जाड्यांनी झगा घाईघाईनं चढवला. वरून झगा, खाली पायजमा.

मला आमचा रविवार दिसला. रविवारी सासूबाईंचा कऱ्हाडहून व्हिडिओ कॉल येतो. फोन वाजला की नवरा पिझ्झाची खोकी सोफ्याखाली ढकलतो, मी देवघराचा दिवा लावते, आणि ट्रॅक पँटवर नुसती साडी खांद्यावरून गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसते. एकदा सासूबाई म्हणाल्या, “उभी राहा गं, साडी बघू दे.” तेव्हा नवऱ्यानं नेट गेल्याचं नाटक केलं होतं.

मी हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हातही पुरेना. टीम लीडरनं विचारलं, “काय झालं?” आणि मी मोडक्यातोडक्या डचमध्ये सगळं सांगून टाकलं, साडी, सोफा, नेट. “माझी सासू,” मी शेवटी म्हटलं, “तीच आमची बिशप!”

हेडबाई टेबलावर थापा मारत होत्या. पाटरांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, अगदी मी पहिल्या दिवशी दिला होता तसा.

“माझी सासू ग्रोनिंगनला राहते,” टीम लीडर म्हणाली. “लांब आहे, देवाची कृपा.” आणि खिशातून प्लास्टिकचा बिल्ला काढून तिनं माझ्या एप्रनला लावला. मग त्याच सुरात म्हणाली, “सोमवारी सकाळी ये. आणि बिस्किटं एकेकच.”

“पण बुधवारी नाही,” पाटर म्हणाले. “बुधवारी प्रसाद असतो.” हा एक मराठी शब्द मी त्यांना शिकवला होता. टीम लीडरनं खांदे उडवले आणि स्वतःसाठी हात पुढे केला.

घरी गेल्यावर मी काही न बोलता फक्त बिल्ला दाखवला. नवरा म्हणाला, “याला गोंद नाही, आता खुशाल देवापुढे ठेव.” रविवारी सासूबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, “छान. पण हातात का धरतेस, साडीला लाव आणि जरा उभी राहून दाखव.”

आता मी डच अक्षरं बऱ्यापैकी पकडते, पुष्कळदा सगळ्यांच्या आधी हसते. बूट मात्र अजून काढते. सवय झाली, आणि हेडबाईंचं लक्ष असतं. पाटरांचे हात हल्ली फार थरथरतात, पण मी बुधवारी दाराशी वाकले की तेही एका पायानं दुसऱ्या पायातली लोकरीची चप्पल ढकलायला लागतात. वेळ लागतो. दोन्ही निघेपर्यंत कुणी टीव्ही लावत नाही.