गोपालने शटर का ओढलं

सलीमचाचांचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. जळगावला माझ्या धाकट्या भावाच्या, गोपालच्या गॅरेजला लागून त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. एरवी फोनवर आधी माझी, मग माझ्या नवऱ्याची, मग पोरांची चौकशी करणारा माणूस. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बेटी, जळगावला ये. गोपालला दवाखान्यात नेलंय... एकटी निघू नको, कोणाला तरी सोबत घे." सोबत घे म्हणाले आणि मी काय ते समजले.

मी पोचायच्या आत गल्लीने निकाल लावून टाकला होता. शटर पूर्ण खाली, खालच्या फटीत गोणपाट दाबलेलं, आत गाडी चालू आणि पोरगा फरशीवर. आणखी काय हवं? मागच्या वर्षी त्याचं जमलेलं लग्न मोडलं होतं, तेही लोकांना नेमकं त्याच दिवशी आठवलं. भेटायला आलेल्या बाया मायच्या देखत हळू आवाजात बोलायच्या आणि माय ऐकायची. रात्री आम्ही दोघीच उरलो की विचारायची, "मुद्दाम करं का व त्यानी? तुले काही बोलना व्हता का?" मला तो काहीही बोलला नव्हता. पण काही बोलला नाही म्हणजे काही नव्हतंच, असं तरी कसं म्हणायचं...

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. वडील लवकर गेले, मायने धरणगावकडे कापूस वेचून आम्हाला वाढवलं. मी पुस्तकांत शिरले, गोपाल इंजिनात. आयटीआय केली, जळगावला महामार्गाच्या कडेला गाळा घेतला आणि गाड्यांचा जोर वाढवून द्यायचं काम सुरू केलं. लोक त्याला उडाणटप्पूंचा धंदा म्हणत. मीही एकदा म्हणाले की हौशी पोरांच्या गाड्यांचा आवाज मोठा करून देण्यात कसलं आलंय काम? तर हसून म्हणाला, "ताई, तुन्हा वर्गमा पोरं झोपतस. मन्हा गाडीमा बसेल कोनी झोपत नही." मग मात्र बॉनेट उघडून त्याने मला नीट समजावलं होतं. कंपनीचा बंद फिल्टर काढून मोकळा लावला, हवा आत सोडणारी झडप मोठी केली, तर हवा जास्त येते. पण मग त्या मापात पेट्रोलही वाढवावं लागतं. त्यासाठी इंजेक्टर मोठे घालायचे आणि लॅपटॉप जोडून पेट्रोलचं गणित बदलायचं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन कोरडं चालतं, तापतं, पिस्टन जळून भोक पडतं. जास्त झालं तर काळा धूर, डोळ्यांची आग. म्हणून त्याची रीत ठरलेली होती. सुरुवातीला पेट्रोल मुद्दाम जास्त ठेवायचं, मग थोडं थोडं उतरवत आणायचं. "इंजिनानी जोखीम लेवानी नही," असं तो म्हणायचा.

शेवटची गाडी रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या मुलाची होती. हवेची बाजू मोकळी, इंजेक्टर मोठे आणि मागे रुंद तोंडाचा सायलेन्सर. धूर शुद्ध करणारा डबा गिऱ्हाइकाच्या हट्टापायी काढून टाकलेला. मे महिना, भर दुपारची वेळ. आमच्याकडे तेव्हा झळा सुटतात आणि महामार्गाची सगळी माती दुकानात येते. त्या ओळीतले सगळे गॅरेजवाले इंजिन उघडं असलं की शटर ओढून घेतात आणि खाली ओलं गोणपाट लावतात, कारण फिल्टर काढलेल्या इंजिनाने माती ओढली की ते आतून घासलं जातं. हे त्या ओळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. मेलेल्या माणसाजवळ गोणपाट दिसलं की त्याचा अर्थच बदलतो.

दिवसकार्य झाल्यावर मी गॅरेजची किल्ली घेऊन गेले. सलीमचाचा सोबत होते. म्हणाले, "मी शटर उचललं, चावी बंद केली, त्याला ओढत बाहेर आणलं. मागे काय होतं ते बघितलंच नाही, बेटी." आम्ही गाडीच्या मागे गेलो. धूर बाहेर काढायची रबरी नळी तिथे पडली होती. तिचं एक टोक भिंतीच्या भोकातून बाहेर गेलेलं होतं. दुसरं टोक सायलेन्सरच्या नव्या रुंद तोंडावर चढत नव्हतं, म्हणून त्याने ते चिरून वर तार आवळली होती. तारेचे वेढे नीट, एकाला एक लागून. रबर तापून वितळलं होतं आणि नळी तारेसकट निसटली होती. चाचा खाली बसले. तार हातात धरून तिच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मरणारा कशाला एवढी मेहनत करेल..."

मला जिंकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. भावाचं नाव धुऊन निघालं होतं. त्याच पावली घरी गेले आणि मायला सगळं सांगितलं. नळी, तार, जास्त ठेवलेलं पेट्रोल. ते अर्धवट जळूनच धूर इतका विषारी झाला होता, तेही सांगितलं. मला वाटलं होतं, तिच्या छातीवरचा दगड उतरेल. माय ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्याले जगनं व्हतं..." आणि इतक्या दिवसांत रडली नव्हती तशी रडली. तोवर तिला वाटत होतं की पोरगा आपल्या मर्जीने गेला. तो आधारही मी काढून घेतला.

तरी मी हे लिहिते आहे. ज्यांनी कुजबुज केली, त्यांनी वाचावं. आणि गॅरेजवाल्यांनी तर वाचावंच. इंजिन चालू असेल तर शटर उघडं ठेवा, माती आत गेली तर जाऊ द्या.

माय आता माझ्याकडे धुळ्याला असते. काल ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. गल्लीतून एक छोटा टेम्पो धक्के खात गेला. तिचा हात थांबला, मान किंचित कलली, गोपाल इंजिन ऐकताना कलवायचा तशीच. "हवा जास्ती शे त्यामा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. बरोबर की चूक, ते सांगणारा एकच होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती बघतच होती.