लाल खोकं, हिरवं खोकं

दुकान बंद करून वर्षं झाली, पण किस्से काही संपत नाहीत. जुने मित्र चहाला जमले की कुणीतरी म्हणतंच, "ते दोन कार्डांचं सांग ना." मग एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. बहुतेक किस्स्यांत पणाला लागलेला असायचा तो आमचा अहंकार. एकदाच कुणाची तरी नोकरी पणाला होती, वैशालीची. ती गोष्ट शेवटी सांगतो, म्हणजे कुणी मधेच उठणार नाही.

दुकान बुधवार पेठेत, एका जिन्याखाली. मी आणि रफिक भागीदार. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचो. तेव्हा पुण्यात घरटी एक पोरगं आयटीत लागत होतं. पडद्यावरचं चित्र झरझर पळावं म्हणून जे ग्राफिक्स कार्ड बसवतात, त्याच्या दोन कंपन्या जोरात होत्या. एकीचं खोकं लाल, दुसरीचं हिरवं. रफिक लालचा भक्त, मी हिरव्याचा.

भांडून भांडून घसे बसले तेव्हा आम्ही काउंटरवर दोन अगदी सारखी मशिन्स मांडली. एकात लाल कार्ड, एकात हिरवं. दोन्हींवर एकच गेम एकदम सुरू करायचा. सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा. ज्याचा आकडा मोठा ते कार्ड भारी. याला आम्ही 'जुंपणं' म्हणायचो. गिऱ्हाईक आलं की आधी जुंपायचं, मग बोलायचं.

रफिकने पाटीही लावली होती. "दोन्ही कार्डे शेजारी लावून दाखवली जातील. डोळे आपले आणावेत. दुकानदारांचे मत विचारू नये, ती दोन आहेत."

* * *

अमरावतीचा एक मुलगा दर शनिवारी यायचा. इंजिनिअर, एका आयटी कंपनीत कामाला. स्टूल ओढून दोन्ही पडद्यांसमोर बसायचा आणि आकडे बघत राहायचा. मधेच म्हणायचा, "लालवाला चढला ना बे." रफिक खूश. थोड्या वेळाने, "आता हिरवा चढला." मी खूश.

बरेच शनिवार गेले तरी तो काही घेईना. शेवटी मी विचारलं, "तुमच्या घरचं मशिन कोणतं आहे? त्यावरून ठरवू."

"घरी कुठं मशिन आहे? दिवसभर ऑफिसात तेच पाहतो, घरी कायले पाहिजे?"

"मग इथे का येता?"

"इथं कोणी काम सांगत नाही ना."

* * *

सदाशिव पेठेतले एक निवृत्त चित्रकलाशिक्षक नातवासाठी कार्ड घ्यायला आले. आम्ही जुंपलं. गेममध्ये डोंगर, नदी, गवताचं मोठं मैदान. सर मागे हात बांधून उभे. आकड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "या बाजूचं गवत जास्त हिरवंगार दिसतंय."

ती बाजू माझी होती. मी लगेच हिरवं खोकं काढलं, फडक्याने पुसलं आणि पुढे ठेवलं.

"ते ठेवा आत," सर म्हणाले. "गवत एवढं हिरवं नसतं."

* * *

एका उन्हाळ्यात लाल कार्ड सारखं हरायला लागलं. सकाळी दोन्ही बरोबरीत, दुपार झाली की लालचा आकडा खाली. रफिकने कार्ड बदललं, मशिन उघडून झाडलं, कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यानेही डोकं खाजवलं. मी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला "बघा, उन्हाळ्यात आमचंच टिकतं" असं सांगत सुटलो होतो.

एके दुपारी रफिकची अम्मी त्याचा डबा घेऊन आली. घाम पुसत तिने दोन्ही मशिन्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "काय रे सुधीर, दुकानात एकच पंखा. तोही तुझ्याकडेच?"

टेबलफॅन माझ्या खुर्चीकडे तोंड करून होता आणि वाटेत माझं मशिन होतं. सगळा वारा त्यालाच, रफिकचं कार्ड तापून मंदावायचं. रफिकने उठून पंखा आपल्याकडे वळवला. संध्याकाळपर्यंत लाल पुढे गेलं. पुढे रफिक फिरता पंखा आणेपर्यंत आम्ही तीन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

* * *

आता वैशाली. लोणी काळभोरची मुलगी. कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करायची, म्हणजे न बांधलेल्या घरात पडद्यावरून फेरफटका मारून आणायचं काम. एका बिल्डरच्या ऑफिसने तिला सोमवारी बोलावलं होतं. स्वतःचं मशिन आणायचं, आपली इमारत दाखवायची. चित्र न अडखळता चाललं तर नोकरी, नाहीतर दुसरी मुलगी तयारच होती. वैशालीच्या जुन्या कार्डावर चित्र जिन्यापाशी येऊन थांबत होतं.

शनिवारी ती वडिलांना घेऊन आली. त्यांना ती दादा म्हणायची, आम्ही मामा म्हणालो; मार्केट यार्डात हमाल. सीपीयू खांद्यावर टाकून आणला होता, तो त्यांनी काउंटरवर अलगद उतरवला.

आम्ही तिचीच इमारत दोन्ही मशिन्सवर जुंपली. गेट, पार्किंग, लॉबी, सगळं छान चाललं. जिन्यापाशी लाल अडखळलं. मी हसायच्या आत हिरवंही अडखळलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वैशालीचा चेहरा उतरला. खरं सांगतो, त्या दिवशी लाल जिंकलं असतं तरी मला आनंद झाला असता.

रफिकने तिला विचारलं, "जिन्यापाशी आहे काय एवढं?"

"तुळस आहे. प्रत्येक पान वेगळं काढलंय." मग स्वतःशीच म्हणाली, "काढून टाकते. तुळस काढली की चालेल."

मामा पडद्याजवळ आले. "ही आपल्या दारातली हाय ना?"

"हो, दादा."

"मग ती कशापायी काढती? ह्या गाड्या कुनाच्या हायत?"

"कुणाच्याच नाहीत. पार्किंग भरलेलं दिसावं म्हणून टाकल्यात."

"मग त्या काढ की."

तिने पार्किंगमधल्या सगळ्या चकचकीत गाड्या पुसल्या. दोन्ही मशिन्सवर चित्र गेटपासून गच्चीपर्यंत सरळ गेलं. मी आणि रफिक खोकी काढायला एकदमच वाकलो. तेवढ्यात तिने, उगाच बघावं म्हणून, स्वतःचं मशिन लावलं. त्यावरही गेलं. जिना चढताना तुळशीची पानं हलत होती. मामांनी सीपीयू खांद्यावर घेतला, आम्हाला रामराम केला, आणि दोघं गेली.

सोमवारी काय झालं ते कळेना. मंगळवार आम्ही दर थोड्या वेळाने दाराकडे बघण्यात घालवला. बुधवारी एक टाय लावलेले गृहस्थ आले. त्याच बिल्डरच्या ऑफिसातले.

"नवीन मुलगी घेतलीय आम्ही, लोणीची. कार्डाची चौकशी इथे करा म्हणाली. साहेबांचा हुकूम आहे, ऑफिसातल्या सगळ्या मशिन्सना एकच कार्ड बसवा. तिच्या मशिनमध्ये आहे ना, जिन्यापाशी ती तुळस ज्याच्यावर हलते, तेच."

मी रफिककडे पाहिलं. रफिकने माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही पाठीमागे खोकी छतापर्यंत रचलेली होती.

रफिक म्हणाला, "ते बनायचं बंद झालं, साहेब."