सिवाय रविवार

हिंदी मुलखात, पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही आलो, तेव्हा तिथले नवे राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. वडील कारखान्यात तंत्रज्ञ होते. आईला कोळशाच्या धुराने धाप लागे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोळसा बंद करायला सांगितले, म्हणून घरात विजेची शेगडी आली. पहिले बिल वडिलांनी दोनदा तपासून पाहिले.

पुढे वसाहतीच्या वीज कार्यालयाने रात्रीचा निम्मा दर सुरू केला. दहा वाजता मीटरमध्ये खट् असा आवाज होई आणि रात्रीचा आकडा फिरू लागे. आई त्यानंतर दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक सुरू करी. आवरेपर्यंत साडेबारा होत. वडिलांची पहिली पाळी असल्याने पाचला ती पुन्हा उठलेली असे. दुपारी निवडायला घेतलेले तांदूळ मांडीवर तसेच राहत आणि ती बसल्या जागी झोपलेली असे.

कार्यालयाबाहेरच्या फलकावरची सूचना मी वहीत उतरवून आणली होती. ‘रात्रि दस से सुबह पाँच तक आधी दर। सिवाय रविवार।’ आम्ही हिंदी मराठीसारखीच वाचत होतो. शिवाय रविवार, म्हणजे रात्री तर आहेतच, वर आख्खा रविवारही. वडिलांनी त्याला कारणही पुरवले.

“रविवारी कारखान्यात काम कमी. वीज उरते. ती आपल्याला देतात.”

“मग रविवारचं दिवसाच करू ना?” आईने विचारले.

“खुशाल कर.”

तेव्हापासून ती रविवारी दिवसा रांधू लागली. त्यातच सोमवारचेही करून ठेवी. त्यामुळे तिला शनिवार आणि रविवार, अशा दोन रात्री पुऱ्या झोपेच्या मिळाल्या. रविवारी मीटरचा आवाज होत नाही हे कुणाच्या लक्षात आले नाही. त्या वेळी घर झोपलेले असे.

बिल मात्र हिशेबाप्रमाणे उतरेना. तिसऱ्या महिन्यात वडिलांनी मीटर वाचायला आलेल्या माणसाला दारातच थांबवले.

“भैया, इतवार का आधा रेट क्यों नहीं लगाया?”

“इतवार को आधा है ही नहीं, साहब. बोर्ड पर लिखा तो है, सिवाय रविवार.”

“वही तो. शिवाय रविवार.”

“सिवाय मतलब छोड़कर.” त्याने वडिलांकडे नीट पाहिले. “आप भी महाराष्ट्र के हैं? पीछे वाली लाइन में दो घरों से यही झगड़ा करके आ रहा हूँ.”

रविवारच का, हे वडिलांनी विचारले. रोज रात्री उपकेंद्रात एक माणूस खटका फिरवी, तेव्हा वसाहतीतले मीटर निम्म्या दरावर जात. रविवारी त्याची सुट्टी.

वडील आत आले. आईने सगळे ऐकले होते. भिंतीला टेकून ती शेंगा मोडत होती.

“शनिवारी रात्री दोन्ही दिवसांचं उरकून टाक,” वडील म्हणाले. “रविवारचं आणि सोमवारचं.”

“सोमवारपर्यंत आमटी आंबेल.”

“मग रविवारी रात्री थोडंसं. पूर्ण दराने.”

आईने उरलेल्या शेंगा मोडून संपवल्या.

“तो खटक्याचा माणूस रविवारी रात्री झोपतो ना?”

“झोपत असेल.”

“मग मीही झोपते.”

“आणि सोमवारी काय खायचं?”

“तुम्हाला कँटीन आहे. आम्ही दहीपोहे खाऊ.”

वडिलांनी बिलाची घडी घातली आणि ते खिशात ठेवले. आईची शनिवारची झोपेची रात्र गेली. रविवारची राहिली. दर सोमवारी वडील डबा न घेता सायकलवर बसत. तक्रार अशी त्यांनी केली नाही. फक्त एकदा, सोमवारी संध्याकाळी, ताटाकडे बघून म्हणाले, “रात्रीही पोहेच?”

“हो,” आई म्हणाली. “काल झोपले होते.”