यादीतल्या बाराजणी

परवा हदगावजवळच्या एका गावी गेले होते. नांदेडहून सकाळची एसटी, पर्समध्ये माझी जुनी शिट्टी... तिथल्या मुलींच्या खो-खो मंडळाची सरकारी तपासणी होती.

मंडळ चालवते शोभा, गावची अंगणवाडी सेविका. चार वर्षांपूर्वी अनुदानाचा अर्ज तिने माझ्याकडून लिहून घेतला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. मागणं काही मोठं नव्हतं... दोन खांब, एक मॅट आणि कपडे बदलायला एक खोली, आतून कडी लागणारी. तेवढ्या खोलीवाचून मोठ्या मुलींना घरचे खेळायला पाठवत नव्हते.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आम्हाला ग्राउंड होतं, खोली होती आणि झगा वर खोचून आमच्यासोबत थ्रोबॉल खेळणाऱ्या सिस्टर होत्या. ही शिट्टी त्यांचीच. खेळायला मिळावं म्हणून कुणाला अर्ज करावा लागतो, हे तेव्हा माहीतच नव्हतं...

तर आता, चार वर्षांनी, पैसे मंजूर झाले आणि तपासणीला साहेब आले. भला माणूस. अर्जातल्या बाराजणी समोर दाखवा, एवढंच म्हणाले. नियमच तसा आहे.

बारापैकी अकरा जणींची लग्नं झालेली. बारावी पुण्याला कंपनीत. शोभाने एकेकीच्या सासरी फोन केले होते... आली फक्त मनीषा, दहा महिन्यांची लेक कडेवर घेऊन.

तिने बाळ माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि जाऊन ओळीत बसली. शेजारी आत्ता खेळणाऱ्या लहान मुली, भावांचे टी-शर्ट घालून. यादीत त्यांच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

साहेबांनी फाइल मिटली. "हा निधी आता परत जाईल, मॅडम. या मुलींसाठी नवा अर्ज करा."

मनीषा ओळीतून उठून माझ्याकडे आली.

"मॅडम, ह्या खेपेला लहान्यातल्या लहान पोरींची नावं टाका. मंजूर व्हईस्तोवर त्या तरी गावात राहतील." मग माझ्या कडेवरच्या लेकीचा गाल ओढत म्हणाली, "हिचंबी टाका. हिला तर लई टाइम हाय."

"गप गं," शोभा म्हणाली. पण सगळे हसले, साहेबसुद्धा. मला बाळाला थोपटत दुसरीकडे बघावं लागलं...

निघताना शिट्टी शोभाकडे देऊन आले. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काय होतं?

काल नवा अर्ज लिहायला बसले. अक्षर अजून चांगलं आहे. समासात एक ते बारा आकडे घातले आणि पहिलं नाव लिहिलं... आरती, परवाच्या ओळीतली, वय चौदा.

मनातल्या मनात त्यात चार मिळवले... अठरा, लग्नाचं वय. दुसरं नाव लिहायला हातच होईना.