डावीकडे सरकणारी जीप

बारावी विज्ञानाच्या वर्षी मी रोज सायकलने तालुक्याला, कळमनुरीच्या कॉलेजात, जात असे. त्या वर्षात मी ज्या गोष्टी नेमकेपणाने शिकले, त्यांतली एक म्हणजे पाठीमागून येणारे वाहन आवाजावरून ओळखणे. एसटी लांबूनच कण्हत येई आणि आपली रेषा सोडत नसे. ट्रॅक्टरच्या आधी त्याच्या टेपवरचे गाणे पोचे. ट्रकवाला भोंगा वाजवून मोकळा होई. या सगळ्यांची भीती वाटे, पण ती हिशेबात बसणारी भीती होती. कोणत्या आवाजाला किती आधी साईडपट्टीवर उतरायचे, हे पायांना पाठ झाले होते.

मोबाईल खेड्यांत पोचले ते हेच दिवस, आणि त्यांच्याबरोबर या आवाजांत एक नवा प्रकार मिसळला. मागून सवाऱ्या नेणारी काळीपिवळी जीप येई. इंजिनाचा सूर एकसारखा, ब्रेक नाही, भोंगा नाही. आणि तरीही ती हळूहळू डावीकडे, म्हणजे आमच्याकडे, सरकत राही. दारू प्यालेल्याची गाडी नागमोडी चालते. ही तशी चालत नव्हती. हिचा कल एकाच दिशेला होता, आणि तो तिच्या आवाजात ऐकू येत नव्हता, हे सर्वांत वाईट. जीप कोपराजवळून निघून गेली की कारण दिसे: खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला मोबाईल. किंवा मांडीवर धरलेला मोबाईल आणि त्यावर खिळलेले डोळे.

आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आणि माझ्या सोबतिणीकडे. ती गावालगतच्या बंजारा तांड्यावरची, अकरावीत शिकणारी. माझे वडील शिक्षक. आमच्या घरात, किंबहुना आमच्या सगळ्या बौद्ध वस्तीत, मुलीने शिकावे की नाही हा प्रश्न उरलेला नव्हता. तिच्या घरी तो रोज सकाळी नव्याने सुटत असे. तांड्यावरून कॉलेजात जाणारी ती पहिलीच मुलगी. तिच्या वडिलांनी पहिल्या दिवशी मला बोलावून सांगितले होते, "ताई, तू संगं हाय म्हून धाडून राहिलो. उद्या काही कमीजास्त झालं, तर पोरगी घरी. मंग मला कुनी समजून सांगायला येऊ नका." त्यामुळे मागून जीप आली की मला दोन भीत्या एकदम वाटत: तिच्या हाडांची आणि तिच्या कॉलेजची.

त्या रस्त्यावर जीपा पुष्कळ होत्या. सरकायची ती प्रामुख्याने एक. तिचा चालक शेजारच्या गावचा, हसतमुख, सगळ्यांना मामा म्हणून ठाऊक असलेला माणूस. त्याच्या जीपमध्ये त्याच्याही उजव्या हाताला एक सवारी बसलेली असे. तो स्वतः सीटच्या मध्यात सरकून, तिरका होऊन गाडी हाकी. त्यातच मिस कॉलची पद्धत रूढ झाली होती. ज्याला कळमनुरीला जायचे तो मामाला मिस कॉल देई. एकदा वाजून बंद झाला तर एक सीट, लागोपाठ दोनदा वाजला तर दोन. बोलायचे नाही, म्हणजे पैसा जात नाही. मामाने फक्त पडद्यावर पाहायचे, कोणाचा नंबर आणि किती वेळा, आणि त्या माणसाच्या फाट्यावर गाडी थांबवायची. व्यवस्था म्हणून ती चोख होती. तिच्यात एकच दोष होता. ती चालावी म्हणून चालकाने रस्त्याऐवजी मांडीकडे पाहणे आवश्यक होते.

मी एकदा स्टँडवर त्याला हटकले होते. तो टपावर पोती बांधत होता. वरूनच ओरडला, "ए डॉक्टरीणबाई, सायकल टाक टपावर! पाय दुखून राहिले असतील."

"मामा, आधी तुमचा फोन टाका टपावर."

जीपमधले सगळे हसले. तोही हसला. "फोन टपावर टाकला तर तुझ्या मायची सीट कोन धरंल? आज सकाळीच तिचा मिस कॉल होता, इचार घरी."

ते खरे होते. आईची तालुक्याला अंगणवाडीची बैठक होती. मी सायकलवर टांग टाकली.

मग एका दुपारी, घरी परतताना, त्या जीपचा आरसा माझ्या सोबतिणीच्या कोपराला लागला. ती माझ्या पुढे होती. मला आधी जीपची बाजू दिसली, मग तिची ओढणी, मग काहीच नाही. ती सायकलसह साईडपट्टीच्या खडीत पडलेली होती. जीप थांबली नाही. तिच्यातल्या कोणाला काही कळलेच नव्हते. कोपर सोलवटले होते, हाड शाबूत होते. मी तिचा हात दुमडून, सरळ करून पाहत होते. ती मात्र भोवती पाहत होती, कोणी पाहिले का म्हणून.

"ताई, घरी सांगू नको. बा सायकल आढ्याला टांगंल."

त्या रात्री मी प्रश्न नीट मांडला. जीपमध्ये बसणारे तक्रार करणार नाहीत, कारण त्यांचे मामावाचून अडते. समोरून येणाऱ्या वाहनाला त्याची जीप क्षणभर दिसते. तो काय करतो हे सलग पाहणारे त्या रस्त्यावर फक्त आम्ही होतो, सायकलवाले. कारण आम्हालाच मान वळवून प्रत्येक गाडी पाहावी लागत होती. निरीक्षण आमच्याकडे होते, तेव्हा ते योग्य ठिकाणी पोचवणे हे आमचे काम. तर्क बिनचूक होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी तिला म्हणाले, "ठाण्यात जाऊ."

"मी न्हाई येत. तांड्यावर कळलं की पोरगी पोलीस ठान्याची पायरी चढली, तर संपलंच." तिने सायकल वळवली. "तू जाऊन ये. मी पुढं निघते, सावकाश जाते. ओढ्याच्या अलीकडं गाठशील मला."

ठाण्यात एक हवालदार टेबलाशी बसून चहा पीत होते. पोट सुटलेले, आवाज मायाळू. मी उभ्यानेच सगळे सांगितले: जीपचा नंबर, चालकाचे वर्णन, आरसा, कोपर. त्यांनी मध्ये अडवले नाही. संपल्यावर विचारले, "कोन्या गावची?" मी गावाचे नाव सांगितले. "मंग मास्तरची पोरगी व्हय? बस की."

"तुम्ही लिहून घ्या, साहेब."

"लिहायचं काय त्याच्यात? आपलाच मानूस हाय. आत्ताच्या आत्ता दम देतो, बग तू." आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला, डोळे बारीक करून नंबर शोधला, आणि मलाही ऐकू यावे म्हणून स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

पलीकडे रिंग गेली, आणि या वेळी तो गाडीवरच असणार हे माझ्या लक्षात आले.

फोन लगेच उचलला गेला. आधी इंजिन ऐकू आले, मग लेकराचे रडणे, मग मामा. "बोला साहेब!"

"कुठं हायेस?"

"गाडीवर हाव साहेब. नाका कवाच सोडला, गावाकडं चाललो."

गावाकडे जाणारा रस्ता एकच होता आणि माझी सोबतीण त्यावर होती.

"साहेब," मी म्हणाले, "तो गाडी चालवतोय. फोन ठेवा."

हवालदारांनी मला हाताने थांबवले. "अरे, हितं एक पोरगी आली. म्हनते, तू फोनवर बोलत गाडी चालवतो."

"कोन म्हनतं? मी?" मामा मोकळेपणी हसला. "साहेब, तुमची शपथ, मी गाडीवर फोनला हात लावत न्हाई."

हवालदारही हसले. हे तो गाडी चालवताना फोनवरच बोलत होता, हे त्या दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. मला इंजिनाचा सूर ऐकू येत होता, एकसारखा, ब्रेक नाही, भोंगा नाही.

"साहेब, ठेवा! माझी मैत्रीण आहे त्या रस्त्यावर!"

"अगं थांब की, कबुली तर घेऊ दे. हां, आयक रे, ती पोरगी म्हंजे आपल्या..."

फोनमधून एक बाई ओरडली, "आरं, आरं, पोरगी..." आणि आवाज बंद झाला.

हवालदारांनी फोन उचलून कानाला लावला, हलवला. "लाईन गेली. तिथं ओढ्यात रेंज नसतीच."

हे खरे होते. ओढ्याच्या उतारावर सगळ्यांचेच फोन तुटत. म्हणजे शक्यता दोन होत्या, आणि त्या शांततेवरून त्यांपैकी कोणती खरी हे ठरवता येत नव्हते. पण 'पोरगी' हा शब्द मी ऐकला होता.

तो रस्ता मी कसा कापला ते मला आठवत नाही. एवढे आठवते की मी एकही गाडी मागे वळून पाहिली नाही. वर्षभरात प्रथमच मागून काय येते आहे याची मला भीती नव्हती. सगळी भीती समोर होती. प्रत्येक वळणावर मी काय दिसेल त्याची आधी कल्पना करीत होते, म्हणजे दिसल्यावर धक्का कमी बसेल. हळदीच्या शेतात बायका वाकून काम करीत होत्या. त्या एवढ्या स्वस्थ कशा, याचा मला राग आला. मग ओढ्याच्या अलीकडे माणसे धावताना दिसली.

जीप पुलाच्या कठड्याला घासून, एक चाक खाली सोडून कलंडलेली होती. तिच्या पुढच्या चाकाखाली एक लेडीज सायकल होती. सायकल मी ओळखली. तिच्याजवळ कोणी पडलेले नव्हते, आणि याचा अर्थ लावायला मला फार वेळ लागला.

ती बाभळीखाली बसली होती. केसांत माती, हनुवटी फुटलेली, आणि मांडीवर जीपमधल्या कुणा बाईचे रडणारे लेकरू. मला पाहून म्हणाली, "भोंगा न्हाई वाजला ताई. नुसतीच जवळ जवळ येऊ लागली. मी सायकल सोडून खाली उडी टाकली."

मी तिच्या शेजारी बसले.

जीपमधल्या एका म्हाताऱ्याचे मनगट मोडले होते. बाकीच्यांना मुका मार. सगळे मामावर तुटून पडले होते. "काहून उचलला फोन? लेकराबाळाची गाडी हाय, काहून उचलला?"

मामाचा चेहरा पिठासारखा झाला होता. "पोलीसचा फोन होता हो! न उचलून कसं जमंल? कोन्या पोरीनं तक्रार केली म्हने माझी."

"कोन पोरगी?"

"साहेब नाव सांगतच व्हते, तेवढ्यात हे झालं."

एक बाई डोके धरून म्हणाली, "तिच्या तक्रारीला आग लागो. मारलं असतं आज तिनं आमाला."

माझी सोबतीण लेकराच्या पाठीवर थोपटत राहिली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि तिने पाहू नये म्हणून मी प्रार्थना करीत होते. ज्यांच्यासमोर मी रोज सायकल चालवणार होते, त्यांना त्या क्षणी दोष द्यायला एक मुलगी हवी होती.

थोड्या वेळाने हवालदार मोटारसायकलवर आले. त्यांनी जीप पाहिली, सायकल पाहिली, मग मला पाहिले. चार माणसांना विचारून ते लिहू लागले. म्हैस आडवी आली, चालकाचा ताबा सुटला. मामाने मान हलवली. दुसऱ्या कुणीही म्हैस पाहिली नव्हती, पण मामाला तुरुंगात घालून उद्या तालुक्याला कसे जायचे, हा प्रश्न सगळ्यांना पडला असावा. एकेक जण आपली पिशवी शोधू लागला.

मी हवालदारांजवळ गेले. "साहेब, फोनचं लिहा."

त्यांनी पेन थांबवले आणि इतक्या हळू बोलले की फक्त मलाच ऐकू यावे. "लिहितो की. मंग फोन कुनी केला, कुनाच्या सांगन्यावरून केला, ते बी लिहावं लागंल. बराबर?"

ते मला धमकावत नव्हते. त्या कागदात त्यांचेही नाव येणार होते.

तांड्यावरून तिचे वडील आले तेव्हा ऊन उतरले होते. त्यांनी लेकीची हनुवटी वर करून पाहिली, दात मोजल्यासारखे पाहिले, आणि चाकाखालून सायकल ओढून काढण्याचा एक निष्फळ प्रयत्न केला. मी म्हणाले, "काका, तिची काही चूक नव्हती. मी आज सोबत नव्हते."

"चूक कुनाची बी असो." ते सायकलकडे पाहत होते. "सायकल बंद."

तिने डोळे मिटले.

"जीपनं जाईल," ते म्हणाले. "चार मानसांत बसून जाईल, चार मानसांत येईल. रस्त्यावर उघडं फिरन्यापरीस बरं."

आणि मामा, ज्याची जीप अजून कठड्याला टेकून कलंडलेली होती, पुढे होऊन म्हणाला, "माझी जबाबदारी, दादा. पोरीची सीट पुढं, माझ्याजवळ. भाडं बी नगं."

जीप दुरुस्त झाल्यावर ती कॉलेजला येऊ लागली. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले की गाडीत चढल्याबरोबर तिने मामाच्या मांडीवरचा मोबाईल उचलून आपल्या पिशवीत टाकला. "मी सांगते कुनाचा मिस कॉल हाय ते. तुमी समोर बगा." आणि मामाने, आश्चर्य म्हणजे, ऐकले. ती पडदा वाचून फाट्याचे नाव सांगे, तो थांबे. बायकांनी तिला कंडक्टरीण म्हणायला सुरुवात केली. परीक्षेला ती बसली, पास झाली.

मी उरलेले वर्ष एकटीने सायकल चालवली. ठाण्यात पुन्हा गेले नाही. रोज सकाळी ती जीप माझ्यामागून येई, इंजिनाचा सूर एकसारखा, आणि तिच्यात माझी सोबतीण आहे की नाही हे आवाजावरून समजायला काही मार्ग नव्हता. कधी तिला ताप असे, कधी कापूस वेचायला ती घरी थांबे. त्या दिवशी फोन कोणाच्या हातात असेल, हे मला माहीत होते. म्हणून मी दर वेळी खडीत उतरायची, सायकल अंगाशी घट्ट धरायची, आणि जीपची काच जवळ येईपर्यंत पुढच्या सीटकडे पाहत उभी राहायची. ती दिसली की हात हलवायची. नाही दिसली की शेतात आणखी चार पावले मागे सरकायची.