धर्मातात्यांचा आवाज आणि आजारी तांडेल

आमच्या चौलच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्से लवकर वाढतात. त्यांना कपाट लागत नाही, आणि एकदा घेऊन गेलेला माणूस ते परत आणून देतो तेव्हा थोडे जाडच झालेले असतात. पुढचे मी जसेच्या तसे सांगायचा प्रयत्न करतो. चुकलो तर नलिनीताई सांगतीलच. त्या आमच्या ग्रंथपाल. काशिनाथ शिपाई, रेवदंड्याचा. मी निवृत्त प्राध्यापक. माझी डॉक्टरेट पदार्थविज्ञानातली, त्यामुळे मिक्सरपासून सर्व्हरपर्यंत मला सगळं कळतं असा गावाचा समज आहे. घराला कुलूप लावून निघालो की मी दोनदा परत जातो, हे गावाला माहीत नाही.

*

सर्व्हर आम्हाला एका कंपनीने जुना झाला म्हणून दिला. मागच्या खोलीत तो तापायचा, म्हणून मी त्याच्यासमोर टेबलफॅन लावला आणि बटणावर पाटी चिकटवली, 'हा पंखा कोणीही, कधीही बंद करू नये.' काशिनाथ म्हणाला, "सर, एवढी काळजी तर आमी जावयाची पन घेत न्हाय."

त्या सर्व्हरवर मी जुन्या माणसांची बोलणी साठवली होती. त्यात काशिनाथचे वडील, धर्मातात्या. ते होडीवरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. रेवदंड्यापासून काशीदपर्यंत पाण्याखाली कुठे कोणता खडक आहे, ते त्यांनी याच खोलीत बसून नावानिशी सांगितलं होतं. तात्या जाऊन चार वर्षं झाली. दुसरी प्रत काढायला मी वेगळी डिस्क आणली होती. पण कॉपी करताना मूळच पुसलं गेलं तर, या भीतीने तिचा खोका उघडलाच नव्हता.

*

एके दिवशी सर्व्हरच्या चारपैकी एका डिस्कवर लाल दिवा लागला. तो गेला, तर दुसरीवर लागला. मग सर्व्हर सुरूच होईना. अलिबागला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सलीम माझा जुना विद्यार्थी. त्याने येऊन तपासलं. "सर, डिस्क ठीक आहेत. त्यांना चालवणारं कार्ड गेलंय, कंट्रोलर."

मी काशिनाथला कंट्रोलर समजावायला लागलो. पाच मिनिटांनी त्याने मला थांबवलं. "म्हंजे चारी खलाशी बरे हायेत. तांडेल आजारी हाय."

सलीम म्हणाला, "सर, हे तुमच्याबरोबर शिकवायला असते तर मी पहिल्या फेरीत पास झालो असतो."

*

इतकं जुनं कार्ड मिळायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत काशिनाथने एकदाच विचारलं, "सर, बाबा आत हायेत ना अजून?"

"आहेत," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात इतकं अनिश्चित काही बोललो नव्हतो.

*

सलीम कार्ड घेऊन आला, सर्व्हर उघडला आणि थांबला. "डिस्कच्या जागा कोणी बदलल्या?"

"बदलल्या नाहीत, लावल्या," नलिनीताई म्हणाल्या. "खाऱ्या हवेने धूळ चिकटली होती, म्हणून काढून पुसल्या. वरचे नंबर बघितले तर क्रमाने नव्हत्या. मी नीट क्रमवार ठेवल्या."

सलीमचा चेहरा पडला. "बाई, हे कार्ड जुन्या बनावटीचं आहे. जागा चुकल्या तर याला काही वाचता येणार नाही."

मी ओट्यावर जाऊन बसलो. सकाळची बीपीची गोळी घेतली होती की नाही, ते आठवेना.

आतून ताईंचा आवाज आला. "माझ्या वाचनालयात नोंद केल्याशिवाय वस्तू हलत नाही." त्यांनी देवघेवीची वही उघडून सलीमपुढे ठेवली. 'डिस्क, नग चार. नेणार: स्वतः. कारण: पुसणे.' खाली प्रत्येकीचा नंबर आणि 'मूळ जागा, डावीकडून.' शेवटी, 'परत, सुस्थितीत.'

सलीमने वही बघून चारही डिस्क जागच्या जागी बसवल्या.

*

नवं कार्ड बसलं. शेवटचा स्क्रू सलीमने मला लावू दिला. मी लावला, आणि घट्ट बसला की नाही हे बघायला परत काढला. त्याने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर हळूच काढून घेतला.

पडद्यावर प्रश्न आला, डिस्कवर जुनी मांडणी सापडली आहे, ती घ्यायची का? मी म्हणालो, जरा विचार करू. सगळी माहिती...

"सर," काशिनाथ म्हणाला, "बाबांना आत घ्यायचं का, तेच इचारतंय ना? त्याला इचार कसला?" आणि त्याने बटण दाबलं.

चारही दिवे हिरवे झाले. नलिनीताईंनी माझ्या नव्या डिस्कचा खोका स्वतः फोडला आणि कॉपी पूर्ण होईपर्यंत मला पुस्तकांना कव्हर घालायला बसवलं.

*

मग आम्ही तात्यांचा आवाज लावला. काशिनाथ स्टुलावर बसला होता. सर्व्हरसमोर पंखा घरघरत होता, आणि रेकॉर्डिंगमध्येही तोच पंखा घरघरत होता. तात्या सावकाश एकेक खडक सांगत होते. वाकडी. मग म्हातारी. मग म्हातारीच्या दक्षिणेला तिची सून. मध्येच ते थांबले.

"काशा, तो पंखा बंद कर आदी. माजं मलाच आयकू येत न्हाय."

काशिनाथ उठला. "व्हय बाबा," म्हणाला, आणि माझ्या पाटीखालचं बटण त्याने बंद केलं.