अण्णांच्या खिडकीबाहेरची वायर

आमचा धाकटा भाऊ टीव्हीची डिश बसवतो. टीव्हीवर चित्र दिसलं की बाकीचे चालू पडतात, हा तिथंच घुटमळतो. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ देतो, म्हणजे पावसाचं पाणी झोळाशी ठिबकून जातं, घरात शिरत नाही. जोडावर टेप गुंडाळतो आणि अर्थिंगची हिरवी वायर जमिनीपर्यंत नेल्याशिवाय घोटभर पाणीही पीत नाही. गिऱ्हाईक कटकटतं, "अहो, टीव्ही लागला ना, झालं की." हा नुसता हसतो. मला असल्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, जन्मभर शिंपीकाम केलेले. आई गेल्यापासून एकटेच राहतात, आणि राहीन तर इथंच हा हट्ट. परवा भर पावसात त्यांनी टीव्हीच्या बॉक्सला हात लावला, तर असा झटका बसला की खुर्चीवरून खालीच आले. नशीब, हाड मोडलं नाही. मी तडक गेले आणि त्यांचे कपडे बॅगेत भरायला घेतले. "बास झालं एकटं राहणं. माझ्याकडे चला." अण्णा जमिनीकडे बघत बसले.

माझ्या पाठोपाठ आलेल्या धाकट्यानं मेन स्विच बंद केला आणि खिडकीतून बाहेर वाकला. मीही डोकावले. धाकट्यानं दिलेला झोळ ओढून वायर ताठ बांधलेली, म्हणजे पाणी थेट आत. आणि हिरवी वायर कापलेली, शिवण झाल्यावर उरलेला दोरा कापतात तशी. लोंबतं काही अण्णांना कधी बघवलंच नाही. मी तोंड उघडणार, तोच धाकट्यानं माझा हात दाबला.

"माझंच चुकलं, अण्णा. वायर सैल राहिली होती."

"एक काम धड करशील तर शपथ," अण्णा म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. चूक कुणाची आणि बोलणी कुणाला! धाकटा मात्र मुकाट कामाला लागला. जोड पुसला, नवी टेप गुंडाळली, झोळ दिला, हिरवी वायर पुन्हा खालपर्यंत नेली. मग अण्णांपाशी उकिडवा बसला.

"आता काही लोंबताना दिसलं, तर आधी मला हाक मारा. कात्री नंतर."

अण्णांनी मान वर केली नाही. "बरं," म्हणाले. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "मी इथंच राहू ना गं?"

बापानं लेकीला असं विचारावं? मला रडूच कोसळलं. मी बॅग पलंगावर उलटी केली आणि एकेक सदरा कपाटात परत ठेवू लागले.